मामाच्या वहीतली गिऱ्हाइकं

मामा आणि त्याचे दोन कारागीर घरोघरी जाऊन फ्रीज दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकांची नावं मामाने तीस वर्षांत कधी विचारली नाहीत. वहीत फोन नंबरापुढे ‘चिकट मास्तर’, ‘कटकटी काकू’ असं लिहून ठेवायचा. धंदा डबघाईला आला, म्हणून मी त्याला हिशेबाचं सॉफ्टवेअर निवडून दिलं आणि अख्खी वही त्यात जशीच्या तशी भरली. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर थकबाकीची बिलं आपोआप गेली, त्याच नावांनी.

मास्तरांचा फोन आला. “चिकट असेन, पण तीस वर्षं तुलाच बोलावलं ना रे?”

मामाने फोन ठेवला. मला म्हणाला, “पोरी, तुझं काय चुकलं? लिहिलं तर मीच होतं.”

महिना झाला, कुणाचंच बोलावणं नाही. कारागिरांनी दुसरीकडे काम धरलं. आज मामाने हत्यारांची पेटी विकायला काढली.