खंडेराव मास्तरांचा ‘एफेंदी’

आतून काकूंनी “अहो” म्हटलं, की खंडेराव मास्तर खुर्चीतूनच “एफेंदिम!” अशी ओ देत. काकू कपाळाला हात लावत आणि आम्ही म्हैसूरच्या नजरबाद मोहल्ल्यातल्या शिंप्यांच्या पोरी फिदीफिदी हसत असू. ‘माझे धनी’ असा त्याचा अर्थ, आणि तुर्क हाकेला अशीच ओ देतात, हे मला नंतर कळलं.

मास्तरांचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते; ते स्वतः शाळेत फारशी शिकवून निवृत्त झालेले. मी तेव्हा कॉलेजात होते. माझं अक्षर बरं म्हणून त्यांच्या लेखांची शुद्ध प्रत मी करून देई, आणि त्याबदल्यात त्यांची पुस्तकं मला वाचायला मिळत. आमच्या घरी वही होती ती मापांची तेवढी.

“तुर्क बघ, एफेंदी नावानंतर लावतो. अहमद एफेंदी. आपलं रावही तसंच, अल्लवा, नाही का? आधी लावलेला मान सरकारी, नंतर चिकटलेला लोकांचा!” असं ते ठोकून देत, आणि मला ते सगळं खरं वाटे.

एकदा विद्वानांच्या सभेत त्यांचं व्याख्यान ठरलं. आयुष्यातलं पहिलंच! सिद्धांत एकच: एफेंदी हा शब्द तुर्कांनी फारशीतून उचलला. जगातलं जे जे अदबशीर, ते मास्तरांच्या मते फारशीच. आदल्या दिवशी प्रत करताना मी सहज त्यांचा तुर्की कोश उघडला आणि एफेंदीचं पान काढलं. शब्द मुळात ग्रीक होता. मास्तरांनी ते पान कधी पाहिलंच नसावं. ठाऊक असलेली गोष्ट कशाला बघायची!

सांगावं तर म्हातारा तापट, उद्यापासून दार बंद. न सांगावं तर भर सभेत त्यांचं हसं. शेवटी कोश त्यांच्यापुढे धरला. चष्मा पुसून त्यांनी तीनदा वाचलं. “अय्यो देवा, जन्मभर पोरांना हेच शिकवलं की गं मी!” आणि मग ओरडलेच, “जा घरी!”

मी रडतच घरी गेले. तरी दुसऱ्या दिवशी सभेत मागच्या बाकावर जाऊन बसले. मास्तर उठले.

“मी आज जे सांगणार होतो, ते चुकीचं आहे. चूक ज्यांनी काढली, त्या मागे बसल्या आहेत. व्याख्यान त्याच देतील. या, इंदूबाई.”

मला तोवर ‘इंदी’शिवाय कुणी हाक मारली नव्हती. मी पुढे गेले. लेख पाठ होता, फारशीच्या जागी ग्रीक तेवढं घातलं. मास्तरांनी आपली खुर्ची मला दिली, आणि माझं बोलणं संपेपर्यंत ते शेजारी उभे राहिले.