इलेक्ट्रॉन कोणाच्या ताब्यात?

असले किस्से जमवावे लागत नाहीत. फळ्याखाली खडूची भुकटी साचते तसे साचतात. सगळे नेमके असेच घडले का, याची या वयात मला खात्री नाही. मूर्खपणाची मात्र आहे, माझाही धरून.

एकोणीसशे साठच्या आसपास मी पनवेलच्या एका शाळेत रसायन शिकवत होतो. शिक्षण एम.एस्सी., नोकरी तात्पुरती. कायम होणं तपासनिसांच्या शेऱ्यावर. त्यांच्यासमोर घ्यायचा पाठ ठरला : धातुबंध.

* * *

मुख्याध्यापक संस्कृतचे. विषय वाचून त्यांनी तो तास थेट व्याकरणाच्या शिक्षकांना दिला. मी बिचकत सांगायला गेलो, "सर, हे धातू म्हणजे तांबं, लोखंड."

"मग तसं लिहायचं. आम्ही गम्, भू समजलो."

* * *

चित्रकलेच्या मास्तरांकडून तक्ता करून घेतला. त्यांना समजावलं, धातूत अणूंचे गाभे जागच्या जागी आणि त्यांचे सुटे इलेक्ट्रॉन भोवती समुद्रासारखे पसरलेले.

तक्ता आला. समुद्रात मोरा बंदराला जाणारी लाँच, धुरासकट.

"फार मोकळा दिसत होता हो," मास्तर म्हणाले. मी तो तसाच टांगला.

* * *

तालीम केली ती शिपाई कान्हूसमोर. त्याचं घराणं मिठागरावरचं. मी हातोडीने मिठाचा खडा फोडला, तांब्याची तार चेपली. मग वीस मिनिटं कारण सांगितलं. मिठात थर सरकला की सारखे भार समोरासमोर येऊन एकमेकांना ढकलतात. तांब्यात थर सरकला तरी सुटे इलेक्ट्रॉन सगळ्यांना धरून ठेवतात.

"समजलं का रे?"

"मीठ फुटतं, तांबं पसरतं, ते आमाला ठावं हाय. पन गुर्जी, तुमाला घाम कशाला आला?"

* * *

तपासनीस आले. लाँचची तारीफ केली. मग तक्त्यावर छडी टेकवून विचारलं, "हा इलेक्ट्रॉन कोणत्या अणूचा?"

"कोणा एकाचा नाही, साहेब. सगळ्यांचा मिळून."

"मग जबाबदार कोण?"

"कोणीच नाही. म्हणून तर धातू टिकतो."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होते.

* * *

महिन्याने शेरा आला : 'इलेक्ट्रॉन कोणाच्याही ताब्यात नसल्याचे आढळले. दोष दूर करून कळवावे. तोवर शिक्षकास कायम करू नये.'

मुख्याध्यापक म्हणाले, "कळवून टाका."

दोन दिवस मी पुस्तकं चाळली. मग सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'सर्व इलेक्ट्रॉन संबंधित अणूंकडे परत करण्यात आले आहेत.'

उलट टपाली मी कायम झालो.