मोरेनिकेची फाइल हलत नाही

आमच्या ओजे बाजारात पोरंबाळं झालेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाने कुणी हाक मारत नाही. पहिल्या लेकराचं नाव लागतं. मी ज्यांच्याबद्दल सांगतेय ते गृहस्थ बावीस वर्षं बाबा मोरेनिके, म्हणजे मोरेनिकेचे बाबा, होते. दुकानाच्या पाटीवरही तेच, ‘मोरेनिके व्हिडिओ’. पोरगी नववीत असताना तिनेच रंगवलेली पाटी, त्यामुळे शेवटची अक्षरं जागा न पुरून एकमेकांवर चढलीत. अकरा वर्षं मी त्यांच्याकडे कामाला आहे, पण त्यांचं खरं नाव मला एकदाच कळलं, ते विजेच्या बिलावर.

आमच्या इबादान शहरात म्हातारं माणूस गेलं की मयत कसली, जत्राच ती. तंबू, ढोल, सगळ्या घराण्याला एका छापाचं कापड, कंदाच्या पिठाच्या अमालाची घमेलीच्या घमेली. ते सगळं बाबा कॅमेऱ्यात धरायचे आणि मी मशीनवर बसून कापून जोडायचे. त्यांची एक खोड होती, फाइल म्हणून पुसायची नाही. लोक आगाऊ रक्कम देऊन जात आणि फिल्म न्यायला फिरकत नसत. चार-चार वर्षं कुणाकुणाच्या आज्या आमच्या डिस्कवर ठाण मांडून. मी करवादले की म्हणायचे, “उद्या मागायला आले तर काय सांगशील?” मी म्हणायचे, तुमच्या चांगुलपणाने एक दिवस मशीनचा जीव जाईल.

जीव गेला तो मोरेनिकेचा. इफेच्या रस्त्यावर, भाड्याच्या मोटारसायकलवर मागे बसलेली, आणि समोरून टँकर. बावीस वर्षांची पोर हो.

तरण्या पोराच्या मयतीला तंबू नसतो, ढोल नसतो. आणि आई-बाप तर जातच नाहीत. लेकराचं थडगं आई-बापाने बघायचं नसतं, कुठे पुरलं हेही विचारायचं नसतं. बघितलं तर मागे उरलेल्याची खैर नाही, असं आम्ही मानतो. मागे उरला होता धाकटा कोरेडे, चौदा वर्षांचा, महिन्यातून दोनदा हाडांच्या दुखण्याने रात्ररात्र कण्हणारा.

त्या सकाळी बाबांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. “अबिके, तू जा. मी बघणार नाही. नुसतं असू दे,” म्हणाले.

अशा मयतीची फिल्म कुणी करत नाही. नाही म्हणायला हवं होतं. साऱ्या बाजाराला फाडून खाणारी माझी जीभ त्या दिवशी टाळूला चिकटली. मी गेले, आणि अकरा मिनिटं चित्रण करून आणलं.

आठवड्याभरात अख्खी गल्ली त्यांना बाबा कोरेडे म्हणू लागली. दुष्टपणाने नाही, जखमेला बोट लागू नये म्हणून. पहिल्या हाकेला ते वळत नसत. दुसरीला वळायचे, कसनुसं हसायचे. मीही तसंच म्हणू लागले. मी तरी कोण मोठी लागून गेले?

पण कॅमेरा कुणीतरी पाहिला होताच. महिन्याभराने बाबांचे थोरले भाऊ अडिगुनदादा दुकानात आले, मागोमाग बाबांची बायको. दादांनी मला असं झापलं की काय सांगू. काळजाला लागलं ते बाईचं बोलणं. आवाजही न चढवता म्हणाली, “अबिके, माझं एकच उरलंय गं. ते पुसून टाक. त्यांच्या नजरेला पडायच्या आत.”

बाबा तिथेच वायर गुंडाळत बसले होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे पूस. मी फाइलवर बोट ठेवलं, पुसायचं बटण दाबलं. मशीन म्हणालं, ही फाइल दुसरीकडे उघडी आहे, बंद करून पुन्हा प्रयत्न करा.

आता हे रडगाणं मला नवं नाही. उघडं होतं ते सगळं बंद केलं. कधी कधी फाइल नुसती निवडली तरी बाजूला तिचं छोटं चित्र दाखवायला मशीन स्वतःच ती धरून बसतं, म्हणून ते चित्रही बंद केलं. नाव बदलायला गेले, नाही. दुसऱ्या डिस्कवर हलवायला गेले, नाही. मशीन बंद करून चालू केलं, पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. माझ्या अगदी नाकी नऊ आले. मशीन बंद केलं की बाबा पाणी प्यायला आत घरात जायचे. मला वाटायचं, उकाडा आहे.

अडिगुनदादांनी फैसला देऊन टाकला, गेलेली पोरगीच फाइल सोडत नाहीये म्हणून. झालं! बाईने चर्चमधून मंतरलेलं तेल आणलं आणि मी नको नको म्हणेपर्यंत कीबोर्डवर शिंपडलं. फाइल जागची हलली नाही, पण तेव्हापासून माझी दोन बटणं चिकटतात. मी चिडून बोलायला तोंड उघडलं, तर बाई तिथेच खुर्चीत बसून थरथरत होती. आदल्या दिवशीच कोरेडेला दवाखान्यात ठेवलं होतं. तिने त्याच्या दुखण्याचा संबंध या फाइलशी जोडला होता. मी जीभ चावली आणि फडक्याने तेल पुसत बसले.

चौथ्या दिवशी दुपारी दुकानात मी एकटीच. म्हटलं, मेल्या, तुला धरलंय तरी कोणी ते बघतेच आज. आमच्या दुकानातून भिंतीला भोक पाडून एक वायर मागच्या खोलीत गेलीय, तिथे जुनं मशीन आहे. दोन्हीकडून एकच डिस्क वापरता येते. कोणती फाइल कुठून उघडली आहे याची यादी मिळते, ती काढली. यादीत एकच ओळ होती. मोरेनिकेची फाइल, मागच्या खोलीतून उघडी. तिथूनच एक बटण दाबून मला तो धागा तोडता आला असता. नाही दाबलं. उठले आणि आत गेले.

बाबा जुन्या मशीनपुढे बसले होते. पडद्यावर चित्र थांबवलेलं. दफनभूमीचं फाटक, चार जणांच्या पाठी, त्यांच्या खांद्यांमध्ये पेटीचं एक टोक. मीच घेतलेलं, माझा हात हललेला.

ते दचकले नाहीत. “फाटकाच्या आत गेलो नाही, अबिके. शपथ घेतो. रोज इथपर्यंतच येतो आणि थांबतो.”

म्हणजे मी मशीन बंद करून चालू केलं की हे मागे येऊन पुन्हा फाटकापर्यंत जाऊन उभे राहत होते! मला राग आला, आणि मग रागाच्या मागून इतकं रडू आलं की भिंतीला धरून उभी राहिले.

“पुढे बघितलं तर कोरेडे जाईल. बंद केलं तर ही जाईल,” ते म्हणाले. “तू आत होतीस. एवढंच सांग, डावीकडे वळलात की उजवीकडे?”

मला माहीत होतं. विहिरीपासून कितवी जागा, तेही. एक शब्द तर होता. पण डोळ्यांपुढे ती तेलाची बाटली धरून थरथरणारी बाई येत होती. मी गप्प राहिले. इतकं गप्प राहणं मला जन्मात जमलं नव्हतं.

मग तेच म्हणाले, “बरं केलंस. यापुढे त्या दफनभूमीतलं काम तूच घे. मी फाटकाशी थांबेन.” आणि चष्मा काढून, पडद्याकडे न बघता, चाचपडत त्यांनी फिल्म बंद केली.

मी पुढे दुकानात आले. फाइलवर बोट ठेवलं, बटण दाबलं. मशीनने विचारलं, नक्की पुसायची? ते सगळ्यांनाच विचारतं. मी हो म्हटलं. अकरा मिनिटं डोळ्याची पापणी लवायच्या आत गेली.

भिंतीच्या भोकातून हाक ऐकू जाते. मी वाकले. तोंडाशी ‘बाबा कोरेडे’ आलं होतं, सवयीने. ते गिळलं.

“बाबा मोरेनिके,” मी हाक मारली, “झालं.”

पहिल्याच हाकेला पलीकडून आवाज आला, “ओ.”