गादीखालच्या पोळ्या

लॉजच्या ज्या गादीवर तुम्ही निवांत झोपता, तिच्याखाली कधी हात घालून पाहिलाय?

बेबीताईला रोज घालावा लागतो. शेगावच्या एका लॉजवर अकरा वर्षं ती चादरी बदलते. माहेर उंद्रीचं, पाच भावंडांत थोरली. कुणी "ए बाई" म्हणून हाक मारली तर वळूनही पाहत नाही. "मले नाव हाये," म्हणते आणि बादली उचलून पुढे जाते.

मागच्या हिवाळ्यात दोनशे सात नंबरच्या खोलीत इटलीचं जोडपं उतरलं. लूचिया आणि मात्तेओ. जिल्ह्यातल्या एका बालगृहातली दोन भावंडं ते दत्तक घेणार होते: सात वर्षांची समीक्षा, चार वर्षांचा प्रज्वल. कचेरीत फाइल कशी सरकते ते तुम्हाला सांगायला नको. तोवर सवय व्हावी म्हणून पोरं त्यांच्याजवळ दिलेली. गॅलरीत चिमुकले कपडे वाळत. मात्तेओ टपरीवर जाऊन "दोन च्या, कमी साखर" म्हणायला शिकला. येणारेजाणारे गोऱ्या माणसांसोबत फोटो काढत. पोरांना मात्र कुणी नाव विचारत नव्हतं.

लूचियानं प्रज्वलपुढे चमचा धरला की समीक्षा तो बाजूला सारी. भाकर वरणात कुस्करून भावाला स्वतः भरवी. लूचिया मग खिडकीशी जाऊन उभी राही. पोरीला आपण नको आहोत, असं तिनं मनाशी धरलं होतं.

सोमवारी बालगृहाच्या मॅडम आल्या. समीक्षानं तोंडावर सांगितलं, "मी नाई जात. प्रज्वललेही नाई जाऊ देत."

"गुरुवारी पुन्हा विचारीन," मॅडम म्हणाल्या. "हेच म्हणाली तर दत्तकाचं इथंच थांबवू. दोघं परत बालगृहात."

मंगळवारी बेबीताईनं गादी उचलली. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पाच पोळ्या, लाकडासारख्या वाळलेल्या, मुंग्या लागलेल्या. मॅनेजर तुळशीराम दारातच होता.

"परदेशी लोकाईच्या खोलीत मुंग्या? फेका ते आधी."

"मुंग्याईनं तुमच्या रजिस्टरात सही केली नाई का, तुळशीरामभाऊ?"

तिनं पोळ्या फेकल्या नाहीत. समीक्षाला गॅलरीत नेलं.

"काऊन ठेवल्या व माय?"

"तिकडं प्रज्वलले भूक लागली त मंग?"

"अन् तुले लागली त?"

हा प्रश्न आपल्यासाठी असतो, हेच पोरीला ठाऊक नव्हतं. चार भावंडांना वाढून उरलेली खरवड बेबीताईनंही वर्षानुवर्षं खाल्ली होती.

दुपारी तिनं लूचियाला हाताला धरून फरशीवर बसवलं. "चमचा ठेव. पोरीले आधी, लहान्याले मंग." मात्तेओच्या मोबाइलनं ते तिच्या भाषेत सांगितलं. लूचियानं भाकर कुस्करली. काला पातळ झाला, वरण कोपरापर्यंत ओघळलं. तिनं घास समीक्षापुढे धरला.

समीक्षा ओठ घट्ट मिटून भावाकडे बघत राहिली.

"घे व. त्याले मी भरवून राह्यली," बेबीताई म्हणाली आणि प्रज्वलला मांडीवर ओढलं.

बराच वेळ लूचियाचा हात तसाच राहिला. मग पोरीनं तोंड उघडलं. अख्खी भाकर संपवली. शेवटी शेवटी तर तिनं भावाकडे वळूनही पाहिलं नाही.

गुरुवारी मॅडमनी विचारलं. समीक्षानं उलट विचारलं, "तिथं खाली बसून जेवता येते?"

लूचियाला अर्थ कळला तशी ती तिथंच फरशीवर बसली.

"मंग जातो आम्ही."

महिन्याभरानं खोली रिकामी झाली. बेबीताईनं चादर काढायच्या आधी गादी उचलली. खाली काही नव्हतं. ती जराशी टेकली, मग कामाला लागली.

तुमच्या घरातही एखादी थोरली असेल, धाकट्याच्या ताटावर नजर ठेवून बसलेली. आज तिचं ताट आधी वाढा, आणि तिचं पोट भरेपर्यंत धाकट्याला तुम्ही मांडीवर घ्या.