काळी का लाल?

सन साठच्या आसपास नंदुरबारच्या कचेरीसमोर निंबाखाली तो टाइपरायटर घेऊन बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वाळत घातलेल्या मिरचीच्या पथाऱ्यांवरून वारा आला की गिऱ्हाईक शिंकायचं, तो नाही. कागद चढवण्याआधी तो प्रत्येकाला तीन प्रश्न करी, "प्रती कितल्या? समास कितला? शाई काळी का लाल?" उत्तरं मिळेपर्यंत हात मांडीवर. एखाद्या पाटलाने घाई केली, तर पुन्हा पहिल्यापासून विचारी. मला तो शिष्टपणा वाटे. पण अर्धा झालेला कागद त्याने फाडलेला मी एकदाही पाहिला नाही.

मी तापीकाठच्या एका गावात मास्तर होतो. हेडमास्तरांनी भर वर्गात माझा पाणउतारा केला, तसा मी तडक त्याच्याकडे आलो आणि राजीनामा सांगू लागलो. त्या दिवशी त्याने एकही प्रश्न विचारला नाही. यंत्राची एक कळ सरकवली आणि मी सांगेन तसा खडखडत गेला. हातात आलेला कागद कोरा होता. स्टेन्सिल कापताना शाईची फीत बंद ठेवतात, तशी त्याने ठेवली होती.

"राग उतरना म्हणजे या, गुरुजी," तो म्हणाला, "मंग काळी लावसू."

मी पुन्हा गेलो नाही. निवृत्तीच्या दिवशी तो कागद खिडकीशी तिरपा धरला. अक्षरांचे नुसते वळ उठले होते. माझा एक शब्दही त्याने गाळलेला नव्हता.