दादानं निवडलेली शेवटची पेटी

मुकुंददादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कर्जतच्या घरासमोर गाडी मागं घेत होतो आणि ती कुंपणात घुसली होती. पलीकडून सुमनवहिनी म्हणाल्या, "भावोजी, सुटले ओ ते." मी तसाच कुंपणात बसून राहिलो… मनात पहिलं आलं ते असं, की दादा शेजारी असता तर म्हणाला असता, "पेटीवर दया कर रं जरा." गिअरबॉक्सला तो पेटी म्हणायचा.

दादा माझा थोरला चुलतभाऊ. खोपोलीच्या कारखान्यातली नोकरी संपल्यावर त्यानं पेण रस्त्याला शेड टाकली आणि धंदा काढला तो वेगवान बोटींच्या गिअरबॉक्सचा. खोपोलीला समुद्र नाही, हे मी त्याला गंभीरपणे सांगून पाहिलं होतं. तो म्हणाला, मोडतं समुद्रात, पण दुरुस्त काय समुद्रात व्हतं का? मांडव्याकडून मोडक्या पेट्या टेंपोतून येत राहिल्या. हौशी मालक दुप्पट ताकदीचं इंजिन बसवतात आणि पेटी जुनीच ठेवतात. बोट लाटेवरून उडाली की तिला ढकलणारा पाण्यातला पंखा हवेत मोकळा फिरतो; परत पाण्यात शिरला की सगळा दणका मधल्या पेटीवर. इंजिन टिकतं, पंखा टिकतो, पेटी फुटते. सासूसुनेमधला मुलगा, असं दादा तिला म्हणायचा.

नवी पेटी कोणती घ्यायची हे ठरवताना तो कंपनीचा तक्ता बघायचाच. पण त्याआधी मालकाला त्याच्याच गाडीतून बोरघाट चढायला लावायचा. जुन्या रस्त्याला शिंग्रोबाचं देऊळ लागतं. तिथं नाणं टाकल्याशिवाय आमच्याकडचं कुणी पुढं जात नाही. मालक तिथं कसा थांबतो, एवढंच दादा बघे. लांबूनच अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय सैल करून आला, तर तक्त्यातली पेटी. ऐनवेळी ब्रेक मारला, तर एक नंबर वरची, जास्त जड आणि दणकट. माझी बोट नव्हती, तरी माझीही परीक्षा झाली. बोलण्याच्या नादात मी देवळाच्या पुढं गेलो आणि गाडी पुरती थांबायच्या आत मागचा गिअर टाकला. जो आवाज आला, तो ऐकून दादानं दोन नाणी टाकली. दुसरं गाडीसाठी, म्हणाला. तेव्हापासून माझ्या गाडीत तो सीट पार मागं ढकलून, दोन्ही पाय समोर रोवून बसायचा.

त्याचं शेवटचं काम निखिल नावाच्या तरुण बोटमालकाचं. दादाचं तेव्हा डायलिसिस चाललं होतं. कधी मला माझ्या वडलांच्या नावानं हाक मारायचा, कधी जेवून उठून परत पानावर बसायचा. तरी निखिलबरोबर घाटात गेला. मी मागच्या सीटवर होतो. निखिलही देवळाच्या पुढं गेला आणि चालत्या गाडीत मागचा गिअर टाकला. मला फार बरं वाटलं. दादानं मात्र त्याला तक्त्यापेक्षा दोन नंबर वरची पेटी सांगितली. निखिलच्या मेकॅनिकला ते पटेना. एवढं वजन घातलं तर वेग मरेल, म्हणाला. निघताना हळूच पुटपुटला, म्हाताऱ्याचं डोकं आता चालत नाही. हळूच, पण वहिनी चहा घेऊन दारातच उभ्या होत्या.

निखिलनं तरी तीच पेटी बसवली. बोट पाण्यात उतरायच्या आत दादा गेला. तेराव्याला पाहुणे उठल्यावर वहिनी म्हणाल्या, रात्र रात्र डोळा लागत नाही. "मानूस गेला ते हाय ते हाय. पन शेवटाला त्यांचं डोकं जागेवर व्हतं का नाय, येवढं मला कळू दे. ती पेटी फुटली तर मलापन त्या मेकॅनिकचंच खरं वाटंल."

म्हणून चाचणीच्या दिवशी आम्ही मांडव्याला गेलो. वहिनी धक्क्यावर थांबल्या आणि उल्हास नदीत गुडघ्यापुढं कधी न गेलेला मी निखिल आणि त्याच्या मेकॅनिकबरोबर बोटीत बसलो. निखिलनं वेग वाढवला, बोट लाटांवरून उडायला लागली, मी आठवतील तेवढ्या देवांना बोलावलं. तेवढ्यात समोर जाळ्याचे तरंगते बोये दिसले. निखिल घाबरला आणि भर वेगात दांडा थेट मागच्या गिअरवर ओढला. मी डोळे मिटून देवळापाशी ऐकलेल्या त्या आवाजाची वाट पाहिली… बोट थरथरली, नाक पाण्यात घुसलं, माझं कपाळ कशावर तरी आपटलं, आणि आम्ही थांबलो. पेटी नुसती हुंकारली.

पांढराफटक पडलेला निखिल म्हणाला, "सॉरी काका. सवय आहे माझी."

"माहीत आहे," मी म्हटलं. "दादालाही माहीत होती."

धक्क्याला लागल्यावर मेकॅनिकनं पेटीतलं तेल फडक्यावर घेतलं, वास घेतला. जळका वास नव्हता. मग तो स्वतःच वहिनींकडं गेला. "काकी, तिला कायपन झालं नाय. काकांनी सांगितलेली नसती, तर आज आमी वल्हवत आलो असतो." वहिनींनी त्याला विचारलं, चहा घेतलास का?

परतताना त्या पुढं, दादाच्या जागी बसल्या. ती सीट मी अजून पुढं घेतलेली नाही. त्यांचे पाय धड टेकत नव्हते. पुढं घेऊ का, विचारलं, तर म्हणाल्या, असू दे. पेण यायच्या आत त्यांना झोप लागली, तोंड किंचित उघडं ठेवून, लहान मुलासारखी. खोपोलीपर्यंतचा प्रत्येक खड्डा मी लांबूनच पाय सैल करत घेतला. शेडसमोर गाडी वळवायला मागं घ्यावी लागते. ती पुरती थांबेपर्यंत थांबलो. मग मागचा गिअर टाकला.

वहिनींची मानसुद्धा हलली नाही.