शे का वं?

आमच्या साडूच्या मामांना भुताची भीती वाटत नाही. भुतांनाच त्यांची वाटत असावी, कारण असा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर दुसरा झालेला नाही. दोंडाईच्याच्या मिरचीबाजारात त्यांचं आयुष्य गेलं. मिरचीच्या गोण्या घेऊन सुरतेला जायचं आणि तिथल्या भंगारबाजारातून अमेरिकेतल्या जुन्या गाण्यांच्या तबकड्या घेऊन यायचं, असा त्यांचा व्यापार. सोल, फंक, जॅझ ही तिकडच्या गाण्यांच्या जातींची नावं त्यांना तोंडपाठ होती, पण प्रतवारी मिरचीची. फंक म्हणजे लवंगी, जिभेच्या आधी पायाला लागते. सोल म्हणजे ब्याडगी, तिखट बेताचं आणि रंग काळजापर्यंत. जॅझ म्हणजे ठेचा, त्यात काय काय पडलंय ते कुटणाऱ्यालाच ठाऊक. तबकड्या मिरचीच्या गोदामातच ठेवलेल्या, त्यामुळे पाकीट उघडलं की गाण्याआधी शिंका. एका दुःखी गाण्याला आम्ही सगळे पाहुणे ढसाढसा रडलो होतो, ते गाण्याने की मिरचीने, यावरून साडूच्या घरात अजून दोन तट आहेत. इंग्रजीचा मामांना गंध नाही. मी एकदा एका ओळीचा अर्थ सांगायला गेलो, तर म्हणाले, "अर्थ समजना ते मंग गानं कोन आयकी?" म्हणजे, अर्थ कळल्यावर गाणं कोण ऐकणार?

मामी मात्र या सगळ्याला 'कावळ्यांचं लगीन' म्हणायच्या. धूळ पुसताना त्यांच्या बांगडीचा ओरखडा एका फंकच्या तबकडीवर उठला, तेव्हा मामा दोन जेवणं अबोल्यात जेवले. एरवी त्यांच्या संसाराची सगळी बोलाचाली एका शब्दाची. बाजारातून आले की मामा दारातून विचारायचे, "शे का वं?" म्हणजे, आहेस का गं? आतून यायचं, "शे." मग चपला निघायच्या.

मामी गेल्या. दिवसकार्य झाल्यावर मामांनी पहिल्यांदा जी तबकडी लावली, ती नेमकी ओरखड्याची. सुई त्या जागी अडकली आणि गाणारी बाई पुन्हा पुन्हा एकच तुकडा म्हणू लागली: शे... शे... शे...

तेव्हापासून मामा त्या तबकडीशी बोलू लागले, हे साडूने मला काळजीने सांगितलं. मी गाडी पकडून जळगावहून दोंडाईच्याला गेलो. मे महिन्याची भर दुपार, गल्लीत कुत्रंही नाही. मामांनी सुई टेकवली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "साखर शे का वं?" तबकडी म्हणाली, शे. डबा उघडला तर काठोकाठ भरलेला. मी धीट माणूस, म्हटलं योगायोग. तेवढ्यात लाईट गेली. तबकडी मंदावली, बाईचा आवाज जाडा होत होत विहिरीत उतरावा तसा खाली गेला आणि बुडाला. पंखाही थांबला. त्या शांततेत मामांनी नेहमीच्याच सुरात विचारलं, "शे का वं?"

आणि थांबलेल्या तबकडीवरून, माझ्या गळ्याची शपथ, उत्तर आलं.

मी स्टेशनवर पोचल्यावर कळलं की पायात चपला नाहीत. मेमधल्या डांबरावरून अनवाणी पळालो होतो. तळव्यांचे व्रण कुणालाही दाखवायला मी तयार आहे.

चपला आणायला पुन्हा जावं लागलं. या खेपेला मामा वाळलेले दिसले. त्यांनी सुई उचलून माझ्या डोळ्यांपुढे धरली. टोकाला काळं भुसकट लागलं होतं. "हाऊ तिना आवाज शे," ते म्हणाले. "रोज इतला जास." सुई फिरून फिरून ती रेघ खरवडत होती. विचारावं तर आवाज झिजणार, न विचारावं तर घर मुकं. मी तोडगा काढला: मोबाईलमध्ये भरून ठेवू, मग हवं तितकं ऐका. मामांनी माझ्याकडे मिरचीत विटेची भुकटी मिसळणाऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"मोबाईलमा ऱ्हाई ते कालनं," ते म्हणाले. "ती आज शे का, हाई माले कसं समजी?"

मामा विचारतच राहिले. मात्र आता दिवसातून एकदाच, दुपारच्या चहाआधी, तेही देवाला कौल लावावा इतक्या जपून.

परवा मी गेलो तेव्हा सुई टेकली, मामांनी विचारलं, आणि रेघेचा कठडा तुटला. शे... शे... आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तो शब्द पुरा झाला: शेक.

सुई पुढे निघून गेली. ढोल उसळले, पिपाण्या किंचाळल्या, बाई मोकळी होऊन गाऊ लागली. इंग्रजीत तिचं म्हणणं इतकंच होतं, की अंग हलव, नाच. या वेळी मी अर्थ सांगायला गेलो नाही. मामांचा चेहरा तबकडीसारखा काळा पडला होता. मग उजवा गुडघा दाबत उठले. हिवाळ्यापासून तो धरला होता आणि औषधाला ते तयार नव्हते. आत जाऊन त्यांनी तवा ठेवला, मामींच्या जुन्या लुगड्याची घडी त्यावर तापवली आणि ती गुडघ्यावर धरून शेकत पुन्हा खुर्चीत बसले.

"गई खरी," ते म्हणाले, "पन काम सांगीसनी गई."

बाई गातच होती. घडीखालचा मामांचा गुडघा, त्यांच्याही नकळत, हळूहळू ठेक्यावर हलायला लागला होता. गाणं संपलं, सुई कोऱ्या रेघेत खरखरत राहिली, तरी ती उचलायला आमच्यापैकी कोणी उठलं नाही.